कोरडी जागा

त्या वर्षी हवेत ओल भरली ती हटायचं नाव घेईना. एरवी सावलीत मांडलेली कच्ची कौलं आठवड्यात वाळून टणक व्हायची. ती आता पंधरा दिवसांनीही बोट लावलं की ठसा धरत होती. मांडणीच्या फळ्यांना पांढरी बुरशी आली. काडी ओढावी तर गुल पेटीलाच चिकटून राही. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. कौलं पाडणाऱ्याच्या घरात ओल म्हणजे चोर. तो काय नेईल याचा नेम नाही. तात्यांचं सगळं आयुष्य या एका चोरावर पहारा देण्यात गेलं होतं.

घरात माणसं चार. तात्या, त्यांचा मुलगा, सून आणि चौदा महिन्यांची नात. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून तिला मुंगी म्हणू लागले, आणि दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. मुलगा माती तुडवी आणि भट्टी रची. सून साच्यात राख भुरभुरून गोळा थापी. तात्या तारेनं कड कापून कौल अलगद फळीवर उतरवीत. चाळीस वर्षांत त्यांच्या अंगठ्याला तारेची एक खाच पडली होती.

एका सकाळी सून कामाच्या छपरात आली ती गोळ्यांची बाटली घेऊन.

"तात्या, हे बघा काय झालंय."

बाटलीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तात्यांनी एक नखानं सोडवली तर ती नखाखाली पिठासारखी पसरली.

"आजची दिली का?"

"दिली. खरवडून दिली. पण किती गेली पोटात, देव जाणे."

ती गोळी म्हणजे मुंगीचा अर्धा जीव होता. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले होते. सगळ्याच बाळांचे घेतात, म्हणाले. बाराव्या दिवशी निरोप आला की उद्याच्या उद्या बाळाला घेऊन या. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं: बाळाच्या गळ्यात एक ग्रंथी असते, तिच्यातून रस पाझरतो, त्या रसावर शरीर आणि मेंदू दोन्ही वाढतात. हिची ग्रंथी जवळजवळ नाहीच. तो रस गोळीतून द्यायचा. रोज सकाळी, उपाशी पोटी, एक दिवस न चुकवता. वेळेत सापडलंय, गोळी नीट गेली तर पोर चारचौघांसारखी होईल. पहिली दोन-तीन वर्षं फार जपा.

सुनेनं जपलं. दोन चमच्यांत गोळी चुरायची, अंगावरच्या दुधाच्या चार थेंबांत कालवायची, बाळाच्या गालात सोडायची आणि अर्धा तास त्याला रडू द्यायचं, पाजायचं नाही. तापानं फणफणली होती तेव्हाही तिनं ते केलं. मुंगी सातव्या महिन्यात बसली, दहाव्यात रांगली, वर्षाची झाली तेव्हा बापाकडे बघून 'बाबा' म्हणाली. रक्ताचे आकडेही चांगले आले.

म्हणून ओलसर गोळ्या पाहून सून कामाला बसेना. मुलगा लगेच सायकल काढून आरोग्यकेंद्रात गेला. दुपारी नर्सबाई स्वतःच नवी बाटली घेऊन आल्या.

"ओल लागू देऊ नका हां आजोबा," त्या म्हणाल्या. "झाकण घट्ट लावा. कोरड्या जागी ठेवा."

तात्या हसले. "बाई, मला कोरडी जागा सांगता? माशाला पोहायला शिकवल्यासारखं झालं हे."

घराची मागची भिंत आणि भट्टीची पुढची भिंत एकच होती. तिच्यात, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, तात्यांच्या वडिलांनी एक कोनाडा ठेवला होता. ज्याला ओल लागता कामा नये ते त्या कोनाड्यात: जागेचे कागद, मुंगीचा दाखला, काड्यापेट्या, मिठाची पुडी. तात्यांनी मिठाची पुडी बाहेर काढली, कोनाडा फडक्यानं पुसला आणि मधोमध बाटली ठेवली. कागद मागे सरकवले.

"आता बघू कोण नेतंय हिला," ते म्हणाले.

त्या दिवशी सून पहिल्यांदा हसली.

ओल पुढे तीन महिने राहिली. वाळवणीला जागा पुरेना म्हणून भट्टी लहान रचून वरचेवर पेटवावी लागे. चार दिवस जाळ, तीन दिवस निवणं, की पुन्हा रचाई. भिंत कधी थंडच पडली नाही. सून सकाळी बाटली घ्यायला जाई तेव्हा काच हाताला उबदार लागे. गोळ्या कशा खुटखुटीत, पांढऱ्याशुभ्र. एकही चिकटलेली नाही.

मुंगी त्या दिवसांत फार शहाणी झाली. रडणं नाही, हट्ट नाही. छपराच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवली की बसून राही. दुपारी झोपली की तिन्हीसांजेला उठवावी लागे. कौलं न्यायला येणाऱ्या गाडीवानाची मुलगी मुंगीहून आठच दिवसांनी लहान. ती बापाबरोबर यायची आणि सगळ्या छपरात थैमान घालायची. फळ्या ओढ, राख उधळ, 'दे दे' म्हणून कान किटव.

"एक दिवस अदलाबदल करू, तात्या," गाडीवान म्हणायचा. "तुमची गोगलगाय मला द्या, माझं हे माकड तुम्ही ठेवा. बायको तुमचे पाय धुऊन पाणी पिईल."

"जा रे," तात्या म्हणायचे. "आमची गुणाची पोर आहे."

तात्यांना मुलांना शिकवायची भारी हौस. गावातली निम्मी पोरं त्यांच्या छपरात मातीच्या गोळ्यांवर मोजायला शिकली होती. मुंगीपुढेही ते रोज दुपारी तीन गोळे मांडीत आणि तळहात पुढे करून म्हणत, "एक दे बघू आजोबाला." मुंगी हाताकडे बघे, गोळ्यांकडे बघे. तात्या थांबत. थांबणं त्यांना ठाऊक होतं. माती भिजवली की रात्रभर थांबायचं, कौल पाडलं की वाळेस्तोवर थांबायचं, भट्टी विझली की निवेस्तोवर थांबायचं. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं केलं काय होतं? कधी पाच मिनिटांनी मुंगी एक गोळा उचले. कधी तिचे डोळे मिटत जात आणि ती बसल्या बसल्या कलंडे.

"तात्या," एकदा सून साचा हातात धरून म्हणाली, "ती आता 'बाबा' म्हणत नाही."

"म्हणेल."

"म्हणत होती. आता म्हणत नाही. आणि पाय बघा तिचे, गारगार असतात. चार-चार दिवस पोट साफ होत नाही."

"अगं, मूल म्हणजे काय यंत्र आहे? तुझा नवरा दोन वर्षांचा होईस्तोवर शब्द बोलला नव्हता. आता बघ, गप्प बसतो का? कच्चं कौल घाईनं भट्टीत घातलं की तडकतं, पोरी."

सुनेनं साच्यात राख भुरभुरली. तात्यांचं म्हणणं घरात कधी खोटं ठरलं नव्हतं.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, ते त्या वेळी राहिलं. आधी ओढ्यावरचा रस्ता खचला होता. पुढच्या खेपेला नेमकी भट्टी पेटती होती आणि पेटती भट्टी सोडून जाता येत नाही. गोळ्या मात्र नर्सबाई तालुक्याच्या माणसाबरोबर न चुकता पाठवीत होत्या. गोळी जाते आहे ना, मग झालं, असं सगळ्यांनाच वाटलं.

मुंगी दोन वर्षांची व्हायला महिना उरला तेव्हा सुनेनं कुणालाच विचारलं नाही. सकाळी साचे धुऊन पालथे घातले आणि म्हणाली, "मी हिला घेऊन चालले. येणार असेल त्यानं यावं." तात्या गेले. भट्टीवर मुलगा राहिला.

चार दिवसांनी रक्ताचा कागद आला आणि त्यांना परत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी मुंगीची त्वचा चिमटीत धरून पाहिली, जीभ पाहिली, पाय चाचपले. कागद पुन्हा वाचला.

"पाचाच्या आसपास हवा तो आकडा ऐंशीच्या वर आहे," त्या म्हणाल्या. "गोळी किती दिवस बंद आहे?"

"बंद नाही," सून म्हणाली. "रोज देते."

"ताई, मी रागावणार नाही. खरं सांगा. शेतात-कामात राहून जातं, मला ठाऊक आहे."

"रोज देते. एक दिवस चुकला नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "गोळी रोज जात असती तर हा आकडा आला नसता. तुम्ही माझ्याशी खोटं बोलाल, पण रक्त खोटं बोलत नाही."

बाकावरच्या बायका इकडे बघत होत्या. सुनेनं पदर तोंडाला लावला नाही, काही केलं नाही. मुंगीच्या झबल्याचं एक बटण ती लावत होती, काढत होती. आणि तात्यांच्या मनात, त्यांनाच नकळत, आलं: विसरली असेल का ही? कधी कामाच्या रगाड्यात? सुनेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ते बोलतील म्हणून. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर मुलगा तेच म्हणाला. "एखाद दिवस विसरली असशील. माणूस आहे."

"उद्यापासून तुम्हीच द्या," ती म्हणाली आणि चमचे त्याच्यापुढे ठेवले. दोन्ही चमचे, एकात एक.

मुलानं वीस दिवस गोळी दिली. आता गोळी वाढवूनही दिली होती, एकाच्या जागी दीड. बाटली तीच, जुन्या साठ्यातली. तो पहाटे भट्टीला लाकूड घालायच्या आधी गोळी चुरायचा, मोठ्या बोटांनी, जिभेचं टोक दातांत धरून. मुंगी तशीच कलंडत राहिली. विसाव्या दिवशी त्यानं चमचे परत बायकोपुढे ठेवले आणि माती तुडवायला गेला. तिची माफी मागायचं त्याला जमलं नाही.

त्याच आठवड्यात नर्सबाई आल्या. अंगणात पोत्यावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"मला काही पटत नाही," त्या म्हणाल्या. "ही मुलगी गोळी चुकवणारी नव्हे. मी हिला पहिल्या दिवसापासून बघते. बाटली कुठे ठेवता?"

तात्यांना बरं वाटलं. एका तरी प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे पक्कं होतं. "या, दाखवतो. ओलीचा वारासुद्धा लागत नाही."

ते पुढे, नर्सबाई मागे, सून दारात. भट्टी पेटून दुसरा दिवस होता. नर्सबाईंनी कोनाड्यात हात घातला, बाटली उचलली आणि लगेच पदरानं धरली. मग मोकळा तळहात भिंतीला लावला. क्षणभरही ठेवता आला नाही.

"आजोबा, किती दिवस आहे ही इथे?"

"तुम्ही कोरड्या जागी म्हणालात तेव्हापासून."

नर्सबाई खाली बसल्या, तिथेच, मातीत. "ही गोळी उष्णतेनं मरते हो. दिसायला तशीच दिसते. आत काही राहत नाही."

भट्टीच्या तोंडात एक ओंडका तडकला. तात्या अजून हात पुढे करून उभे होते, बाटली परत जागेवर ठेवायला.

"ओलीनं जाते म्हणालात," ते म्हणाले.

"ओलीनंही जाते. मी ओल म्हणाले, आजोबा. भट्टी माझ्या डोक्यात कुठून येणार? आमच्याकडे बाटली कपाटात असते."

"दहा महिने," सून दारातून म्हणाली. एवढंच. ती हिशेब करत नव्हती, नुसती म्हणाली.

त्या दुपारी तिनं तात्यांपुढे ताट ठेवलं, रोजच्यासारखं. "जेवा," म्हणाली. तिनं बोल लावला असता, भांडं आपटलं असतं तर तात्यांना घास गिळता आला असता. तिनं त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. पाण्यात पडलेली काडी दोन बोटांनी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच दवाखान्यात गेले. नाव लावून रांगेत बसले. पाळी आल्यावर आत जाऊन उभेच राहिले.

"पेशंट कुठे आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पेशंट नाही. सांगायला आलोय. सून खोटं बोलली नव्हती. गोळी रोज गेली. ठेवली मी होती, भट्टीच्या भिंतीत. माझ्या हातानं." मग दाराकडे बघून, "त्या दिवशी बायकांसमोर झालं ते. म्हणून मी पण सगळ्यांसमोर सांगणार होतो. पण दार लावलंत तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं. त्यांचाही चेहरा उतरला. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "कुठे ठेवता, हे विचारायला हवं होतं."

"गेलं ते परत येतं का?"

"काही येतं."

"किती?"

"आजोबा, ते आज कुणालाच सांगता यायचं नाही. अंगाचं भरून येईल. मेंदूची जी वाढ त्या महिन्यांत व्हायची होती, तिचं सांगता येत नाही. जन्मतःच सापडलं, पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे तिच्या बाजूचं आहे. आपण शिकवत राहायचं आणि बघायचं."

"थांबायचं," तात्या म्हणाले.

"थांबायचं नाही. शिकवायचं."

नव्या गोळीनं तीन आठवड्यांत घर बदललं. मुंगीचे पाय गरम झाले. ती पहिल्यांदा खच्चून रडली तेव्हा मुलगा मातीनं भरलेल्या पायांनी धावत आला आणि ती रडतेय हे बघून दारातच हसत उभा राहिला. ती चालू लागली, पडू लागली, चावू लागली. गाडीवानाच्या मुलीची वेणी तिनं ओढली तेव्हा गाडीवान म्हणाला, "गोगलगाय गेली बरं का तात्या, आता सौदा मोडला." तात्या हसले नाहीत. गाडीवानाची मुलगी तोवर गोष्टी सांगत होती, मागचा-पुढचा धागा धरून. मुंगीला शब्द येत होते. एकापुढे एक ठेवता येत नव्हते.

तात्यांनी शिकवण्याचा ध्यास घेतला. उठता-बसता, कौल पाडता-पाडता. हे काय, ते काय, लाल कुठलं, मोठं कुठलं. मुंगी कधी सांगे, कधी तेच उद्या विसरे. कधी त्यांचा आवाज नको इतका चढे, मुंगी ओठ काढी, आणि ते तिला पोटाशी घेऊन छपरात फेऱ्या घालत. रागावलो कुणावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात एक बाई आल्या होत्या. मुलांच्या समजुतीची परीक्षा घेणाऱ्या. तात्या आणि सून मुंगीला घेऊन गेले. आधी तिच्या सँडल काढून वजन केलं, उंची घेतली. मग एका बुटक्या टेबलापाशी बसवलं. चित्रं होती, लाकडी ठोकळे होते, दोरा आणि मणी होते.

"आजोबा, तुम्ही मधे बोलायचं नाही हं," बाई हसून म्हणाल्या.

तात्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"यातलं झोपलेलं मूल कुठलं?" मुंगीनं बरोबर बोट ठेवलं. "पाऊस आला तर आपण काय घेतो?" मुंगीनं बाईंच्या बांगडीकडे पाहिलं. "मला दोन ठोकळे दे." मुंगीनं एक दिला. मग एक दिला. मग एक दिला. सगळे देऊन झाल्यावर दोन्ही रिकामे हात उघडून दाखवले आणि आजोबांकडे वळून हसली, शाबासकीसाठी. तात्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार?

तासाभरानं बाईंनी सुनेला सांगितलं. चालणं-पळणं वयाप्रमाणे आहे. हाताचं काम थोडं मागे. बोलणं आणि समजूत वर्षभरानं मागे, कदाचित थोडं जास्त. शाळेत जाईल. वेगळं शिकवावं लागेल, अधिक वेळ द्यावा लागेल.

"वर्षभराचं अंतर भरेल ना?" सुनेनं विचारलं.

बाईंनी फाईल मिटली. "कमी होऊ शकतं. वाढूही शकतं, पुढची इयत्ता पुढचं मागते. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

बाहेर बाकावर तिघं बसली. समोर फाटकापाशी बस उभी होती. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत होता. ही गेली की पुढची चार वाजता. सुनेनं सँडल मुंगीपुढे ठेवल्या आणि सवयीनं वाकली, तशी मुंगीनं तिचा हात ढकलला.

"मी."

बसचं इंजिन सुरू झालं. मुंगीनं उजवी सँडल डाव्या पायात घातली, मग तिची तिनंच काढली. बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग बरोबर पायात घातली. आता पट्टा राहिला. पट्ट्याचं टोक कडीत जाईना. जाई आणि निसटे.

"तात्या, तुम्ही घाला ना तिला," सून म्हणाली. "माझे हात चालत नाहीत आज. गाडी जाईल."

तात्या वाकले. हात पट्ट्यापर्यंत गेला. तिथेच राहिला. एकदा थांबून त्यांनी दहा महिने घालवले होते. आता हात लावला तर तिचं काही जाईल की हात नाही लावला तर, हे त्यांना कळेना. चाळीस वर्षं पोरांना शिकवत आलेला माणूस, आणि समोरच्या एका पट्ट्याचं त्यांना काही सांगता येईना.

"आजोबा, यायचंय का?" कंडक्टर ओरडला.

"तात्या," सून म्हणाली.

कंडक्टरनं घंटी मारली. बस फाटकातून हलली, वळली. मुंगीनं मान वर केली नाही. पट्ट्याचं टोक तिनं चौथ्यांदा कडीशी नेलं. जिभेचं टोक दातांत धरलं होतं, बापासारखं.